अप्पा आरती म्हणतात, पण पाणी मागता येत नाही: संगीतोपचाराने नेमकं काय साधतं?

ताई, तुमचा प्रश्न सविस्तर होता. इतर वाचणाऱ्यांसाठी त्याचा गाभा आधी सांगतो. तुमच्या अप्पांचं वय ६८. सात महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात अजून लुळा आहे, पायात थोडी ताकद आलीये, काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. समोरच्याचं बोलणं बहुतेक कळतं. पण स्वतः बोलायचं झालं तर ‘हां’, ‘नाय’ आणि चिडले की एक ठरावीक शिवी, यापुढे गाडी जात नाही. आणि तरी संध्याकाळी घरात गणपतीची आरती सुरू झाली की डाव्या हाताने मांडीवर ताल धरून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणतात. झटक्याआधी गावच्या भजनी मंडळात टाळ घेऊन उभे राहायचे. आता कुणा नातेवाइकाने व्हॉट्सॲपवर तक्ता पाठवलाय: बीपीला हा राग, झोपेला तो, मधुमेहाला तिसरा. तुम्ही विचारलंय की संगीतोपचार खरंच असतो की मनाची समजूत, घरी काय करता येईल, बीपीच्या गोळ्या कमी होतील का. आणि जाता जाता एका ओळीत लिहिलंय की आई पार दमली आहे.

थेट उत्तरं आधी देतो. संगीतोपचार खरा आहे आणि अप्पांना त्याचा उपयोग होण्यासारखा आहे. गोळ्यांना हात लावायचा नाही. तक्ता डिलीट केलात तरी काही बिघडत नाही. अप्पांच्या बाबतीत संगीताचा उपयोग ऐकण्यात थोडा, गाण्यात बराच, आणि सगळ्यात जास्त गाण्यातून बोलण्यावर उतरण्यात आहे. घरोघरी राहून जातं ते नेमकं हे शेवटचं. आईच्या ओळीकडे मी पुढे येतो, ती जाता जाता लिहिण्यासारखी नाही.

मी पक्षाघात आणि पार्किन्सनच्या रुग्णांबरोबर काम करतो, बहुतेक वेळा स्पीच थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्टच्या जोडीने. त्यामुळे जे लिहितोय ते त्या खोलीतून लिहितोय.

अप्पांसारखी माणसं नवीन नाहीत. १८व्या शतकात स्वीडनमध्ये ओलोफ दालिन याने अशाच एकाची नोंद करून ठेवली आहे: आजारात वाचा गेली, पण चर्चमधली स्तोत्रं इतरांबरोबर स्पष्ट म्हणायचा. कारण असं की बोलणं म्हणजे दर वेळी नव्याने रचना करणं. शब्द शोधायचा, तो वाक्यात बसवायचा, मग ओठांना, जिभेला, घशाला क्रमाने हुकूम द्यायचे. हे काम बहुतेकांच्या मेंदूत मुख्यतः डावी बाजू करते आणि अप्पांचा घाव तिथेच आहे. आरतीत रचायचं काहीच नसतं. पन्नास-साठ वर्षं म्हणून म्हणून ती माळेसारखी ओवलेली आहे, एक मणी ओढला की पुढचा आपोआप हातात येतो. शिवाय चाल आणि लय यांत मेंदूची उजवी बाजू मोठा वाटा उचलते, आणि अप्पांची ती बाजू शाबूत आहे. एक ते दहा आकडे, वारांची नावं, लहानपणीची परवचा, रामरक्षा हेही याच पठडीतलं. शिवीसुद्धा. आयुष्यभर कधी अपशब्द न काढलेले गृहस्थ झटक्यानंतर सुनेसमोर शिवी हासडतात आणि घरच्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्यात त्यांचा स्वभाव बदललेला नसतो. शिवी पाठ असते आणि बाकीचे शब्द वाटेत अडलेले असतात, एवढंच.

म्हणूनच एक विनंती आहे. पाहुणे आले की ‘अप्पा, आरती म्हणून दाखवा’ हा कार्यक्रम बंद करा. आरती पूर्ण आली म्हणजे वाचा परत येतेय, असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. नुसती आरती वर्षभर म्हटली तर वर्षभराने आरतीच येते. अप्पांचं मन त्यात रमतं, श्वास भरतो, घरात आपण अजून कुणीतरी आहोत असं वाटतं, हे सगळं मोलाचं आहे आणि म्हणून आरती चालू ठेवाच. पण ‘पाणी’ हा शब्द आरतीतून बाहेर येणार नाही. त्याला वेगळी वाट करून द्यावी लागते.

ती वाट १९७३ साली बॉस्टनमध्ये मार्टिन अल्बर्ट, रॉबर्ट स्पार्क्स आणि नॅन्सी हेल्म यांनी मांडली. तिचं नाव मेलॉडिक इंटोनेशन थेरपी. रोजच्या बोलण्यातली छोटी वाक्यं दोनच स्वरांवर, संथ, लांबवून म्हणायची आणि दर अक्षराला डाव्या हाताने एक थाप द्यायची. अमेरिकेच्या तेव्हाच्या काँग्रेस सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर जानेवारी २०११ मध्ये डोक्यात गोळी झाडली गेली, वाचा गेली, आणि त्यांच्या पुनर्वसनात संगीतोपचाराचा वापर झाला. त्यानंतर या पद्धतीचं नाव वर्तमानपत्रांत जास्त येऊ लागलं.

आमच्याकडे सत्र कसं चालतं ते ‘पाणी’वरच सांगतो. मी समोर बसतो, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. माझं तोंड त्यांना नीट दिसलं पाहिजे, खिडकी माझ्या पाठीमागे नको. त्यांचा डावा हात माझ्या हातात घेऊन टेबलावर ठेवतो. आधी शब्द नाहीच, फक्त गुणगुणणं: वरचा स्वर, खालचा स्वर, दोन थापा. स्वर म्हणजे साधारण कोमल गंधार आणि षड्ज, त्यांच्या आवाजाला झेपेल त्या पट्टीत. दोनदा ऐकवलं की शब्द घालून मी म्हणतो, ‘पाऽऽणीऽऽ’, सेकंदाला एक अक्षर, त्याहून जलद नाही. मग दोघं बरोबर. बरोबर म्हणता येऊ लागलं की मी निम्म्यात आवाज काढून घेतो, थाप चालू ठेवतो, आणि ‘णी’ त्यांच्यावर सोडतो. ही पायरी सुटली की मी आधी म्हणायचं, त्यांनी मागून. शेवटी मी विचारतो, ‘काय हवंय?’ आणि थांबतो. हा थांबा फार महत्त्वाचा आहे. घरचे लोक इथे दोन सेकंदांत शब्द पुरवून मोकळे होतात. तोंडाची हालचाल सुरू झालेली दिसत असेल तर गप्प बसा. चुकलं तर ‘असं नाही, परत म्हणा’ असंही म्हणायचं नाही. काही न बोलता एक पायरी मागे यायचं, पुन्हा बरोबर म्हणायचं.

एक शब्द सुटला की वाक्य लांबवायचं: ‘पाणी दे’, मग ‘थंड पाणी दे’. पुढच्या टप्प्यावर स्वर हळूहळू काढून घ्यायचे, गाणं आणि बोलणं यांच्या मधलं काहीतरी राहील इतपत, आणि मग तेही सोडायचं. मराठीत इंग्रजीसारखा अक्षरावर ठसठशीत जोर नसतो, त्यामुळे वरचा स्वर कुठे ठेवायचा ते मी घरच्या बोलीवरून ठरवतो. तुमच्या कराडकडचा माणूस ‘पाणी दे की’ म्हणताना शेवटचा ‘की’ उचलतो. मग तो तसाच उचलायचा. पुण्याच्या दवाखान्यात बसून ‘कृपया मला पाणी द्या’ शिकवण्यात अर्थ नाही, अप्पा ते वाक्य आयुष्यात कधी बोलले नसतील.

दोन गोष्टी घरच्या लोकांकडून हमखास होतात. पहिली, ‘पाणी दे’ हे आरतीच्याच चालीवर बसवणं. डोकं लढवलेलं असतं, पण परिणाम उलटा होतो. ओळखीची चाल लागली की ती आपले जुने शब्द ओढून आणते आणि माणूस पाणी सोडून आरतीला लागतो. म्हणून चाल मुद्दाम अनोळखी, जवळजवळ चाल म्हणता येणार नाही इतकी साधी ठेवतात. दुसरी, मुलांच्या तक्त्यातून शब्द निवडणं: केळं, सफरचंद, बदक. अप्पांना बदकाशी काय करायचंय? तुम्ही आणि आईंनी बसून दहा गोष्टी लिहा ज्या सांगता न आल्यामुळे दिवसभरात ते चिडतात. एका आजोबांच्या यादीत पहिलं होतं ‘पंखा बंद’. घरच्यांना वाटायचं ते जेवणावरून रागावतात.

याला किती दिवस लागतील? बॉस्टनमध्ये गॉटफ्रीड श्लाउग यांच्या गटाने हे तपासलं तेव्हा रुग्णांना रोज दीड तास, आठवड्यातून पाच दिवस, अशी साधारण ७५ सत्रं दिली, आणि त्यांतले बहुतेक रुग्ण झटक्याला वर्ष उलटून गेलेले होते. यातून दोन गोष्टी घ्या. सात महिने झाले म्हणजे वेळ गेली असं मुळीच नाही. आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास येऊन गाऊन गेलं तर पैसे जातील, फारसं हाती लागणार नाही. थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा आणि रोज घरी वीस-वीस मिनिटं दोनदा, असं मी साधारण बसवतो. थकवा दिसला की थांबायचं. शेवटची दोन मिनिटं मात्र जे हमखास येतं तेच घ्यायचं, म्हणजे उठताना चेहरा पडलेला नसतो.

तुम्ही पुण्यात आणि ते गावी, म्हणून आणखी एक सांगतो. व्हिडिओ कॉलवर बरोबर म्हणण्याची पायरी जमत नाही. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो आणि दोघांची लय कधीच एकत्र येत नाही. त्यामुळे तुम्ही फोनवर असाल तरी ‘बरोबर म्हणणारं’ माणूस त्यांच्या खोलीतच लागतं. नातवंड असेल तर उत्तम. आमच्या अनुभवात आठवी-नववीतली मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चांगलं करतात, कारण त्यांना उगाच दया येत नाही.

या पद्धतीत गाणं काम करतं की लय, यावर अजून वाद आहे. २०११ मध्ये जर्मनीत बेंजामिन श्टाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की खरं काम लय आणि रोजची तयार वाक्यं करतात, सुरांचा वाटा समजतो तितका नाही. माझं मत त्यांच्या बाजूला झुकतं. ज्यांचा सूर लागत नाही अशांनाही थापेने फायदा झालेला मी पाहिलाय. म्हणून ‘आमच्याकडे कुणाला गाता येत नाही’ ही सबब चालणार नाही. मात्र ही पद्धत सगळ्यांसाठी नाही. ज्यांना समोरच्याचं कळतं पण बोलता येत नाही, त्यांच्यासाठी ती आहे. जे भरभर बोलतात पण त्या बोलण्याला अर्थ नसतो आणि आपलं चुकतंय हेही कळत नाही, त्यांना तिचा उपयोग होत नाही. अप्पा पहिल्या गटातले वाटतात, पण हे मी पत्रावरून लिहितोय. स्पीच थेरपिस्टने समोर बसवून तपासणं आवश्यक आहे. आणि अपेक्षा अशी ठेवा: गरजेची वाक्यं, घरातल्यांची नावं, फोनवर दोन शब्द. पारावरच्या गप्पा परत येतील असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तिथून उठा.

आता चालण्याबद्दल, जे तुम्ही विचारलंच नाही. अमेरिकेत मायकेल थाउट यांनी १९९०च्या दशकात पार्किन्सन आणि पक्षाघाताच्या रुग्णांवर हे काम उभं केलं: ठोक्यावर चालायला लावलं की पाऊल लांब पडतं, दोन्ही पायांचा वेळ सारखा होऊ लागतो. ऐकलेल्या ठोक्याला स्नायू आपोआप तयार होतात, त्याचा विचार करावा लागत नाही. करायचं असं. फिजिओथेरपिस्ट शेजारी असताना अप्पांची एका मिनिटातली पावलं मोजा. समजा ५० पडली. मोबाइलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक गतीने टिकटिक करणारं, ॲप ५०वर लावा आणि काही दिवस त्यावरच चालवा. ते अंगवळणी पडलं की पाच ते दहा टक्क्यांनी वाढवा, म्हणजे ५३-५४. टाळकरी माणूस आहे, ठोका पटकन पकडतील. पण इथे भजनाची रेकॉर्डिंग लावू नका. भजनी ठेका आठ मात्रांचा, पावलाला छान बसतो, हे खरं. अडचण अशी की भजन चढतं. शेवटच्या ‘विठ्ठल विठ्ठल’ला लय दुप्पट होते, टाळकरी माणसाचं अंग त्या लयीमागे जातं आणि पाय जात नाही. पडायला एवढं पुरतं. म्हणून चालताना मेट्रोनोम किंवा लय बांधून ठेवणारा तबला-ॲपचा ठेका, आणि भजन खुर्चीत बसून.

ऐकण्याचा भाग थोडक्यात. हेलसिंकीत तेप्पो सार्कामो यांच्या गटाने ताज्या पक्षाघाताच्या ६० रुग्णांचे तीन गट केले. एकाने आपल्या आवडीचं संगीत रोज किमान तासभर ऐकलं, दुसऱ्याने ध्वनिमुद्रित पुस्तकं, तिसऱ्याने यांतलं काही नाही. हे दोन महिने चाललं. संगीताच्या गटात शब्दांची स्मरणशक्ती आणि लक्ष जास्त सुधारलं, उदासी कमी राहिली. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. यात माझ्या दृष्टीने महत्त्वाचे शब्द ‘आपल्या आवडीचं’. अप्पा विशी-पंचविशीत असताना काय ऐकायचे ते आईंना विचारा. भजनी मंडळातला माणूस म्हणून भजनंच लावायची असं नाही, कदाचित तमाशाचा फड सोडला नसेल त्यांनी! माणसाला आयुष्यभर सगळ्यात घट्ट चिकटतं ते त्या वयातलं गाणं. तास झाला की बंद करा. सकाळपासून रात्रीपर्यंत टीव्हीवर भक्तिगीतं चालू ठेवणं म्हणजे संगीतोपचार नव्हे, तो गोंगाट होतो. वाचा गेलेल्या माणसाला मागे आवाज चालू असताना समोरच्याचं बोलणं कळायला दुप्पट कष्ट पडतात. आणि ६८ वय आहे, एकदा कानाची तपासणी करून घ्या. आवाज मोठा करून भागत नसतं.

आता तो तक्ता. रागांचा मनावर परिणाम होतो, यात वाद नाही. तसा तो होत नसता तर आपण मैफलीला गेलो नसतो. पण ‘अमुक रोगाला अमुक राग’ याला आधार नाही, आणि त्यामागचं कारण गाणाऱ्याला लगेच पटेल. दरबारी राग घ्या. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला संथ आलाप ऐकताना श्वास खाली उतरतो. त्याच दरबारीतला द्रुत, म्हणजे जलद लयीतला तराणा ऐकताना पाय थांबत नाही. तक्त्यात दोन्ही ‘दरबारी’च. इटलीतले हृदयतज्ज्ञ लुचिआनो बर्नार्डी यांनी २००६ मध्ये २४ जणांना वेगवेगळ्या तऱ्हेचं संगीत ऐकवलं, त्यात एक भारतीय रागही होता. श्वास, नाडी, रक्तदाब यांवर परिणाम मुख्यतः लयीचा दिसला, संगीताच्या प्रकाराचा किंवा आवडीनिवडीचा नाही. गंमत अशी की मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, आणि नाडी-रक्तदाब सगळ्यात खाली गेले ते त्या शांततेत. गाण्यानंतरचा थांबा हाही उपचाराचा भाग धरा.

तक्त्याखाली ‘प्राचीन ग्रंथांनुसार’ असं लिहिलेलं असतं. बीपी मोजायचा दंडावरचा पट्टा रिवा-रोच्चीने १८९६ साली आणला, तेव्हा कुठल्या प्राचीन ग्रंथात बीपीचा राग असणार? आपल्याकडे खरा ग्रंथ आहे आणि तो महाराष्ट्रातला आहे. १३व्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’. स्वर, श्रुती यांच्याकडे वळण्याआधी हा माणूस पिंडोत्पत्ती सांगतो: देह कसा बनतो, नाड्या कुठे, नाद शरीरातून कसा उठतो. मंद्र हृदयात, मध्य कंठात, तार मस्तकात, असं तो स्थान लावतो. खालचा स्वर लावताना छातीवर हात ठेवून बघा, कंप तिथेच लागतो. आधी शरीर आणि मग स्वर, हा त्याचा क्रम मला आजच्या तक्त्यांपेक्षा शहाणपणाचा वाटतो. बाकी पंडित ओंकारनाथ ठाकुरांनी मुसोलिनीला पूरिया राग ऐकवून झोपवल्याची गोष्ट सांगितली जाते, ती जरूर सांगावी. मैफलीनंतरच्या चहाला छान रंगते. ४३२ हर्ट्झ कंपनसंख्येच्या स्वराने पेशी दुरुस्त होतात वगैरे मात्र सांगूही नये.

बीपीबद्दल तुम्ही विचारलंच आहे, तर जे खरं आहे ते एवढं. याच बर्नार्डींनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा बौद्ध मंत्र म्हणायला लावलं. दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक चपळ झाली. म्हणजे लांब ओळ एका श्वासात, घाई न करता म्हणणं चांगलं. अप्पांच्या आरतीत, ओंकारात, हरिपाठात ते आपोआप होतं. पण हा परिणाम त्या वेळेपुरता असतो. झटका येऊन गेलेल्या माणसाने संगीताच्या भरवशावर गोळी सोडणं म्हणजे दुसऱ्या झटक्याला बोलावणं धाडणं. श्वास रोखून धरायचा नाही, गरगरलं तर थांबायचं. घरात कुणाला फिट्स येत असतील तर न्यूरॉलॉजिस्टला आधी विचारा, विशिष्ट संगीताने फिट येणारे रुग्ण विरळ असतात, पण असतात.

तुम्ही लिहिलंय की आरती म्हणता म्हणता अप्पा रडतात आणि म्हणून आईंना आता आरती लावायचीच भीती वाटते. झटक्यानंतर रडण्याचे दोन प्रकार असतात, आणि त्यांत फरक करावा लागतो. एक, मेंदूतला लगाम सैल झाल्यामुळे येणारं रडू: पटकन येतं, पटकन जातं, विषय बदलला की थांबतं, मनात तेवढं दुःख असेलच असं नाही. अशा वेळी आरती थांबवू नका, नुसता ठेका चालू ठेवा, शब्द सोडा. अर्ध्या मिनिटात ते परत येतात. पाठीवर हात फिरवत ‘काय झालं, काय झालं’ केलं तर आणखी वाढतं. दुसरा प्रकार खऱ्या नैराश्याचा. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला ते गाठतं. जेवण कमी, झोप उडालेली, टाळ समोर ठेवले तरी हात पुढे येत नाही, तोंड भिंतीकडे. हे दिसलं तर डॉक्टरांना सांगा, औषध लागू शकतं. नैराश्यात नेहमीच्या उपचारांच्या जोडीला संगीतोपचार दिला तर उपयोग होतो असं दिसलंय, नेहमीच्या उपचारांच्या ऐवजी नव्हे.

आणि आई. अप्पांच्या तब्येतीचा सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे, आणि त्यांच्यासाठी प्रश्नात एक ओळ. वर लिहिलेले घरचे सराव त्यांच्या अंगावर टाकू नका. दिवसभर औषधं, आंघोळ, जेवण करणारी बायकोच संध्याकाळी मास्तरीण झाली की दोघांचंही बिनसतं. त्यांना स्वतःचं गाणं हवं. ब्रिटनमधल्या साउथ वेल्समध्ये २०१६ साली कॅन्सर रुग्णांच्या आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांच्या पाच गायनवृंदांतल्या १९३ जणांना तपासलं, तासभर एकत्र गायल्यावर ताणाचं संप्रेरक कमी आणि मन हलकं झालेलं आढळलं, काळजी घेणाऱ्यांचंही. तुमच्या गावात महिला भजनी मंडळ असेलच. आठवड्यातून एक संध्याकाळ आईंनी तिथे जायचं आणि त्या वेळेत अप्पांजवळ दुसरं कुणीतरी थांबायचं, एवढी व्यवस्था तुम्ही भावंडांनी लावून द्या. ‘त्यांना सोडून कशी जाऊ’ असं त्या म्हणणारच. तरी पाठवा. अप्पांना बरोबर न्यायचं नाही, निदान सुरुवातीला तरी नाही.

खाली कुणी विचारेल म्हणून इतर आजारांविषयी झटपट सांगतो. वेळेआधी जन्मलेल्या बाळांवर अमेरिकेत ११ रुग्णालयांत २७२ बाळांचा अभ्यास झाला (२०१३), त्यात आईबापांनी स्वतः निवडलेली अंगाई प्रत्यक्ष ऐकवल्याचा चांगला परिणाम दिसला. ऑपरेशनआधीची धास्ती संगीताने कमी होते, हे बऱ्यापैकी पक्कं आहे. स्मृतिभ्रंशात उदासी कमी होते, स्मरणशक्ती परत येत नाही. स्वमग्न मुलांबाबत नऊ देशांतल्या ३६४ मुलांचा मोठा अभ्यास २०१७ मध्ये आला आणि पाच महिन्यांनंतर मुख्य लक्षणांत फरक दिसला नाही. मूल संगीतात रमतं, नजर देतं, म्हणून त्यासाठी जरूर करा. ‘बरं होईल’ या नावाखाली विकत घेऊ नका.

जायचं कुणाकडे? वाचेसाठी पहिला माणूस स्पीच थेरपिस्टच, आणि त्यांची पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते, ती विचारा. मुंबईत वांद्र्याला वाचा-श्रवणाची अली यावर जंग संस्था आहे, म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था. संगीत आणि मेंदू या विषयावर बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेत काम चालतं आणि पुदुच्चेरीच्या श्री बालाजी विद्यापीठात संगीतोपचाराचं शिक्षण मिळतं. आपल्याकडे दोन दिवसांचं शिबिर करून कुणीही स्वतःला संगीतोपचारक म्हणवतो, त्यामुळे पाटीकडे बघू नका. तीन गोष्टी विचारा: रुग्णांबरोबर कुणाच्या हाताखाली काम केलंत, अप्पांसाठी पुढच्या सहा आठवड्यांचं उद्दिष्ट काय, आणि ते साधलं की नाही हे कसं मोजणार. गाणं किती छान येतं हे विचारायची गरज नाही. पहिल्या भेटीत रिपोर्ट न बघता कुणी कीबोर्ड उघडला तर तुम्ही फाइल मिटा.

भेटीला जाताना डिस्चार्जचे कागद, एमआरआयचा रिपोर्ट, दहा शब्दांची यादी आणि दोन छोटे व्हिडिओ न्या: एक आरती म्हणतानाचा, दुसरा काहीतरी मागायचा प्रयत्न करतानाचा. दुसरा काढायला घरच्यांना नको वाटतं, पण थेरपिस्टला तोच जास्त लागतो. चेहरा आणि डावा हात दोन्ही दिसतील असा काढा, आणि मागचा टीव्ही बंद ठेवा.